आधी नक्कल, मग दुरुस्ती

संगणक मंदावला की पहिला संशय व्हायरसवर जातो. अँटिव्हायरस चालवला जातो, नको असलेले प्रोग्रॅम काढले जातात, आणि तरीही फरक पडला नाही तर कोणीतरी सुचवतं, ‘एकदा फॉरमॅट मारून घ्या.’ या खटाटोपात हार्ड डिस्ककडे लक्ष जातं ते अगदी शेवटी, एखादा फोटो उघडेनासा झाला किंवा संगणक सुरूच होईना तेव्हा. खरं तर मंदावणं हीच पुष्कळदा डिस्कची पहिली तक्रार असते. फोल्डर उघडताना संगणक अर्धा मिनिट गोठतो, डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो, आतून एका लयीत बारीक आवाज येतो, आणि मग काही झालंच नाही असं सगळं पूर्ववत चालू होतं. त्या अर्ध्या मिनिटात डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते.

अशा वेळी काय करावं आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमानं करावं, ते या प्रकरणात पाहू. क्रमावर एवढा भर देण्याचं कारण साधं आहे. डिस्क दुकानात नवी मिळते. तिच्यावरचे मुलीच्या बारशाचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या, दुकानाचे दहा वर्षांचे हिशेब कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. आणि हा ऐवज अनेकदा मूळ बिघाडानं जात नाही. बिघाड दिसल्यावर घाईनं केलेल्या दुरुस्तीनं जातो.

तबकडीवर काय घडतं

१९५६ साली आयबीएमनं ‘रॅमॅक’ या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर तिच्यात जेमतेम ५० लाख अक्षरं मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर बसतो, पण मूळ रचना तीच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते आणि तिच्यावरून हेड मागेपुढे सरकत वाचतं, लिहितं.

साधारण डेस्कटॉप डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारते. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. या वेगात तबकडीची बाहेरची कडा ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावत असते, आणि हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या थरावर तरंगत असतं. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. चालू डिस्कला बसलेला धक्का एवढा महागात का पडतो, ते यावरून लक्षात यावं.

तबकडीवरचा मजकूर सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत लिहिलेला असतो. पूर्वी एक सेक्टर ५१२ बाइटचा असे. आताच्या बहुतेक डिस्कमध्ये तो ४,०९६ बाइटचा असतो. प्रत्येक सेक्टरसोबत चूक शोधून सुधारणारे जादा अंकही लिहिले जातात. मजकूर इतका दाटीवाटीनं कोरलेला असतो की वाचताना काही बिट चुकणं हे रोजचंच. डिस्क त्या जादा अंकांच्या आधारे ते दुरुस्त करते आणि आपल्याला कळूही देत नाही.

चुका या मर्यादेपलीकडे गेल्या की डिस्क तोच सेक्टर पुन्हा वाचते, हेड किंचित इकडेतिकडे सरकवून वाचते, आणखी वाचते. संगणक गोठतो तो इथे. शेवटी हात टेकले की ती संगणकाला ‘वाचता आलं नाही’ असं कळवते आणि त्या सेक्टरची ‘प्रलंबित’ म्हणून नोंद करते. पुढे त्याच जागी नवं काही लिहायची वेळ आली की डिस्क ती जागा तपासते. लिहिलेलं नीट वाचता आलं तर प्रलंबित हा शिक्का निघतो. नाही आलं तर ती जागा कायमची बाद होते आणि राखीव साठ्यातला एक सेक्टर तिच्या जागी नेमला जातो.

थोडक्यात, डिस्क स्वतःची डागडुजी करते ती लिहिण्याच्या वेळी. लिहिणं म्हणजे आधीच्या मजकुरावर पाणी सोडणं. आधी नक्कल आणि मग दुरुस्ती हा क्रम इथून येतो.

दोष डिस्कचा, की वाटेतला?

तबकडीवरचा मजकूर आपल्या पडद्यावर येईपर्यंत बराच प्रवास करतो. डिस्कच्या पाठीवरचं सर्किट, साटा केबल, मदरबोर्डवरचं पोर्ट, रॅम, ऑपरेटिंग सिस्टिम आणि शेवटी फाइल सिस्टिम, असे टप्पे त्यात असतात. यातला कुठलाही टप्पा ढिला पडला तरी पडद्यावर येणारा संदेश साधारण एकच असतो, ‘डिस्क वाचता येत नाही.’ म्हणून डिस्क बाद ठरवण्याआधी वाट तपासायला हवी.

लिनक्सच्या सर्व्हरवर याचा माग काढणं सोपं आहे. सिस्टिमच्या नोंदींमध्ये चुकीच्या ओळीत ‘यूएनसी’ ही अक्षरं दिसली तर सेक्टर खुद्द डिस्कलाच वाचता आलेला नाही. दुखणं तबकडीवर आहे. त्याच जागी ‘आयसीआरसी’ दिसलं तर डिस्कनं मजकूर वाचला होता, पण तो केबलमधून जाताना बिघडला. पहिल्या नोंदीसाठी नवी डिस्क लागेल, दुसरीसाठी बहुधा केबल पुरेल. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘सिस्टिम’ या नोंदवहीत ‘डिस्क’ या नावाच्या नोंदी पाहाव्यात. त्यातली ७ क्रमांकाची नोंद बॅड ब्लॉकची असते. १५३ क्रमांकाची नोंद सांगते की वाचणं किंवा लिहिणं पुन्हा करावं लागलं.

केबलचा संशय आला की संगणक पूर्ण बंद करावा, प्लग काढावा, केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवावी. तरी नोंदी येत राहिल्या तर केबल बदलावी, मग पोर्ट बदलून पाहावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशानं गेला हे कधीच कळत नाही. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत जोडण्यांच्या धातूवर गंज लवकर चढतो. तिथे केबल काढून पुन्हा बसवण्यानंही कधी कधी काम होतं.

विजेकडेही पाहायला हवं. डिस्कला सर्वांत जास्त वीज लागते ती थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवात करताना. एसएमपीएस थकलेला असेल, किंवा एकाच वायरला जोड लावून चार डिस्क चालवल्या असतील, तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज खाली येतं आणि डिस्क मध्येच गायब होऊन पुन्हा उगवते. बाहेरून लावायच्या अडीच इंची डिस्कच्या बाबतीत तर हा दोष फारच आढळतो. यूएसबी २ च्या पोर्टनं अर्धा अँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टनं ०.९ अँपिअर वीज द्यावी असं ठरलेलं आहे. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लांब केबल लावली की तेवढीही धड पोचत नाही. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर घरचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी डिस्कला स्वतंत्र वीज द्यावी किंवा वेगळा वीजपुरवठा असलेला हब वापरावा. डिस्क मागच्या पोर्टला आखूड केबलनं जोडून व्यवस्थित चालली तर ती निर्दोष समजायला हरकत नाही.

रॅम बिघडलेली असली तरी फाइली बिघडतात आणि आळ डिस्कवर येतो. डिस्कचे सगळे आकडे स्वच्छ असूनही फाइली खराब होत असतील, तर मेमटेस्टसारखा प्रोग्रॅम रात्रभर चालवून रॅम तपासावी.

डिस्कची स्वतःची नोंदवही

१९९० च्या दशकात आयबीएम आणि कॉम्पॅक या कंपन्यांनी डिस्कला स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवायला शिकवलं. त्यातून ‘स्मार्ट’ ही पद्धत आकाराला आली. आजची जवळपास प्रत्येक डिस्क ही नोंदवही सांभाळते. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ आणि लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ हे मोफत प्रोग्रॅम ती वाचून दाखवतात. यादी लांबलचक असते, पण घरच्या कामापुरते चार आकडे पाहिले तरी भागतं.

क्रमांक ५ म्हणजे बाद होऊन बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे प्रलंबित सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले सेक्टर. आणि १९९ म्हणजे केबलमध्ये बिघडलेल्या देवाणघेवाणींची संख्या. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेच क्रमांक सोळा अंकी पद्धतीनं लिहिलेले असतात; १९७ तिथे ‘सी५’ म्हणून दिसतो, १९९ ‘सी७’ म्हणून. त्यापुढचे आकडेही मुळात सोळा अंकी असतात. ‘१०’ लिहिलेलं असलं तर सेक्टर सोळा असतात. हे माहीत नसलं की नुकसान आहे त्याहून कमी वाटतं.

एक यादी समोर आहे असं समजू. पाचव्या क्रमांकापुढे ०, १९७ पुढे ०, १९८ पुढे ० आणि १९९ पुढे ३१२. ही डिस्क धडधाकट आहे. केबल बदलायला हवी. १९९ चा आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो ३१२ वरच थांबला आहे ना, एवढंच आठवडाभर पाहायचं. दुसऱ्या यादीत पाचव्यापुढे ४०, १९७ पुढे ८, १९९ पुढे ०. इथे केबलचा काही संबंध नाही. तबकडीवरच्या ४० जागा आधीच बाद झाल्या आहेत आणि ८ जागांवरचा मजकूर या घडीला वाचता येत नाही. चार दिवसांनी ४० चे ५६ झाले, तर त्या डिस्कचे दिवस भरले आहेत. एकट्या आकड्यापेक्षा तो किती वेगानं वाढतो आहे हे जास्त बोलकं असतं. म्हणून आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत.

काही आकडे उगाच घाबरवतात. सीगेटच्या डिस्कमध्ये पहिल्या क्रमांकापुढे कोट्यवधींची संख्या दिसते. ती डिस्कची स्वतःची हिशेबाची पद्धत आहे, बिघाड नव्हे. उलट यादीच्या माथ्यावरचा ‘पास’ हा शेरा नको तितका दिलासा देतो. २००७ साली गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तबकडीच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. मात्र बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार नोंदींपैकी एकीतही आधी काही दाखवलं नव्हतं. म्हणजे वाईट आकडा दिसला तर त्यावर विश्वास ठेवावा, पण चांगल्या आकड्यांच्या भरवशावर निर्धास्त राहू नये.

आधी नक्कल

५, १९७, १९८ यांपैकी काही वाढताना दिसलं, किंवा यूएनसीची नोंद आली, की डिस्कवर लिहिणं ताबडतोब थांबवावं. नवीन काही उतरवून घेऊ नये, विंडोज पुन्हा टाकू नये, डीफ्रॅग तर मुळीच करू नये. डिस्क अजून बऱ्यापैकी वाचत असेल तर जे पुन्हा मिळणार नाही ते आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावं. फोटो, कागदपत्रं, हिशेब आधी. सिनेमे आणि गाणी नंतर. पूर्ण डिस्कची नक्कल करायला बसलो आणि निम्म्यावर ती मान टाकून बसली, तर सिनेमे वाचले आणि फोटो गेले, असं होऊ शकतं.

डिस्क अडखळत असेल तर नेहमीचं कॉपी-पेस्ट कामाचं नाही. एका खराब फाइलपाशी ते अडून राहतं आणि तेवढ्या वेळात हेड त्याच दुखऱ्या जागी घासाघीस करत राहतं. अशा वेळी लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ वापरावं. स्पॅनिश प्रोग्रॅमर अँटोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला हा मोफत प्रोग्रॅम आहे आणि त्यामागचा विचार शिकण्यासारखा आहे. पहिल्या फेरीत तो जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो आणि अडखळण्याची जागा लागली की ती ओलांडून पुढे जातो. सोपा माल सुरक्षित झाला की मगच तो मागे सोडलेल्या जागांकडे वळतो आणि त्यांच्या कडांपासून आत आत वाचत जातो. काय मिळालं आणि काय राहिलं याचा नकाशा तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. मध्ये वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबावं लागलं, तरी त्याच नकाशावरून पुढे सुरू करता येतं. नकाशाची फाइल आजारी डिस्कवर ठेवू नये. आणि आज्ञा देताना कुठली डिस्क मूळ आणि कुठली कोरी, हे अनुक्रमांक ताडून दोनदा पाहावं. तिथे उलटसुलट झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल जुन्या ऐवजावर बसते.

मग दुरुस्ती

नक्कल हातात आली की दुरुस्तीला मोकळीक. आधी डिस्कची स्वतःची लांब चाचणी चालवावी. ती सारी तबकडी वाचून काढते. चार टेराबाइटच्या डिस्कला सात-आठ तास सहज लागतात. छोटी चाचणी दोनेक मिनिटांत उरकते, पण तबकडीचा बहुतेक भाग ती पाहतही नाही.

विंडोजचं ‘चेकडिस्क’ आणि लिनक्सचं ‘एफएसचेक’ यांचा नंबर इथे लागतो. हे प्रोग्रॅम फाइल सिस्टिम दुरुस्त करतात. फाइल सिस्टिम म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका. कोणती फाइल तबकडीवर कुठे आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. वीज गेल्यामुळे ही अनुक्रमणिका अर्धवट राहिली आणि तबकडी निरोगी असली, तर हे प्रोग्रॅम उत्तम काम करतात. तबकडी आजारी असताना मात्र तेच अंगाशी येतं. ज्या पानाचा पत्ता वाचता येत नाही ते पान अनुक्रमणिकेतून कमी करून ते सगळं सुसंगत करून टाकतात. नंतर फाइली सापडतात त्या नावं हरवलेल्या तुकड्यांच्या रूपात, वेगळ्याच फोल्डरमध्ये. म्हणून हे प्रोग्रॅमही चालवायचे ते नकलेवर, किंवा नक्कल झाल्यावर.

यानंतर मूळ डिस्क पूर्ण लिहून पुसावी आणि पुन्हा लांब चाचणी घ्यावी. प्रलंबित शून्यावर आले आणि बाद सेक्टरांचा आकडा महिनाभर हलला नाही, तर ती दुय्यम कामाला ठेवता येते. एकुलती एक प्रत मात्र तिच्यावर पुन्हा कधीही ठेवू नये.

घरचा सर्व्हर

दोन-चार डिस्क एकत्र बांधून केलेल्या सर्व्हरची गोष्ट थोडी निराळी. अशा बांधणीला ‘रेड’ म्हणतात. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी हे नाव प्रसिद्ध केलं. एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून काम चालू राहावं, ही त्यातली मुख्य सोय.

इथे एक फसवा बिघाड वारंवार भेटतो. घरगुती डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त झटत राहते. लिनक्स मात्र सहसा ३० सेकंद वाट पाहतो, मग डिस्क मेली असं समजून तिला टोळीबाहेर काढतो. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाद! सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात. मग तो मजकूर उरलेल्या डिस्कवरून जुळवून पुन्हा लिहिला जातो आणि काम पुढे चालतं. स्मार्टसीटीएलमधून काही डिस्कची ही मुदत कमी करता येते. जिथे करता येत नाही, तिथे लिनक्सची वाट पाहण्याची मुदत वाढवून १८० सेकंद करावी.

दुसरा धोका नवी डिस्क बसवल्यावरचा. तेव्हा उरलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइलींखालचे खराब सेक्टर नेमके त्या वेळी उघडे पडतात. उपाय म्हणजे महिन्यातून एकदा सगळी बांधणी वाचून काढणं, ज्याला ‘स्क्रब’ म्हणतात. खराब जागा सापडली तर बाकीच्या डिस्क शाबूत असतानाच ती दुरुस्त होते.

सर्व्हर ठेवायची जागाही विचारानं निवडावी. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेतली गेली. वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजाच्या कंपनांनी डझनावारी हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार काही तास ठप्प झाले. आपल्या घरात तेवढा आवाज होत नाही, तरी मोठ्या स्पीकरशेजारी किंवा वॉशिंग मशीनला लागून असलेल्या फळीवर सर्व्हर ठेवू नये. यूपीएस तर हवाच. लिहिता लिहिता वीज जाणं कुठल्याच डिस्कला मानवत नाही.

कुठे थांबायचं

डिस्क ठरावीक अंतरानं ‘टक्... टक्...’ करत असेल, घासल्याचा आवाज येत असेल, किंवा हातातून पडल्यापासून ओळखली जात नसेल, तर एकही प्रोग्रॅम चालवू नये. हेड बिघडलेलं असतं, आणि फिरवलेल्या प्रत्येक मिनिटाला तबकडीवरचा लेप खरवडला जाण्याची भीती असते. वीज काढावी. मजकूर मोलाचा असेल तर धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे ती तशीच द्यावी. घरी उघडून पाहू नये. फ्रीजरमध्ये ठेवायचा तोडगा अजूनही सांगितला जातो. बाहेर काढल्यावर दमट हवेतलं पाणी तबकडीवर साचतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

एसएसडीमध्ये ना तबकडी ना हेड, त्यामुळे ती आवाज करून काही सांगत नाही. कधी ती फक्त वाचू देते आणि लिहू देत नाही. कधी एका क्षणात पूर्ण गप्प होते. तिच्या बाबतीत वेळेवर घेतलेली नक्कल अधिकच मोलाची.

वर सांगितलेली सारी धावपळ ज्याच्याकडे आधीची प्रत नाही त्याच्यासाठी आहे. म्हणून आज, डिस्क ठणठणीत असताना, मोलाच्या फाइलींच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात, आणि त्यातली एक घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर, असावी. रेडला यातली प्रत समजू नये. चुकून पुसलेली फाइल रेडच्या सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी जाते. महिन्यातून एकदा प्रतीतली एखादी फाइल उघडून पाहावी, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी. एवढं केलेल्याच्या पडद्यावर उद्या डिस्कच्या चुकीचा संदेश आला, तर त्याला फक्त नवी डिस्क विकत आणावी लागेल.